सोर्स कोड नसताना एक्झीक्युटेबलमधले बाइट स्क्रिप्टने बदलायचे असतील तर

प्रश्न थोडक्यात असा: एक जुना ३२-बिट विंडोज प्रोग्रॅम वापरात आहे, त्याचा सोर्स कोड आता कुणाकडेच नाही. सर्व्हरचा पत्ता थेट एक्झीक्युटेबलमध्ये, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये, कोरलेला आहे, तो बदलायचाय. शिवाय सुरू होताना प्रोग्रॅम एक जुनं उपकरण जोडलंय का ते बघतो आणि नसेल तर बंद होतो. ते उपकरण केव्हाच मोडीत निघालंय, म्हणून ही तपासणीही टाळायची आहे. हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट थेट दाखवणारं साधन) हाताने बदल करून पाहिला तर चालतं, पण बरीच मशिन आहेत. पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहून हे जमेल का, आणि काय सांभाळायचं?

जमेल. बाइट बदलणारा भाग तीन-चार ओळींचाच असतो. बाकीच्या स्क्रिप्टचं काम एकच: समोरची फाइल आपण अभ्यासलेलीच आहे का हे तपासणं, आणि जरा जरी शंका आली तरी फाइलला हात न लावता बाहेर पडणं. अशा स्क्रिप्ट फसतात त्या बहुतेक वेळा चुकीच्या फाइलवर बिनबोभाट चालल्यामुळे. प्रोग्रॅम तुमच्याच मालकीचा आहे किंवा त्याच्या परवान्यात बदलाची मुभा आहे, असं धरून पुढचं लिहितोय. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स उडवणं हा या उत्तराचा विषय नाही.

आधी फाइल ओळखा. विंडोजच्या एक्झीक्युटेबलचे पहिले दोन बाइट ‘एमझेड’ ही अक्षरं असतात. सुरुवातीपासून ६० व्या ऑफसेटला चार बाइटचा एक आकडा असतो, तो खऱ्या हेडरची जागा सांगतो आणि तिथे ‘पीई’ ही अक्षरं व दोन शून्य बाइट सापडतात. लिनक्सची फाइल हेक्स (सोळाच्या पायावरचे आकडे) ७एफ आणि पाठोपाठ ‘ईएलएफ’ अशी सुरू होते. मग बघायचं की आत खरोखर मशिन कोड उघडा पडलाय की गुंडाळलेला आहे. सेक्शनांच्या, म्हणजे फाइलच्या अंतर्गत भागांच्या, नावांत ‘यूपीएक्स’ (एक्झीक्युटेबल दाबून लहान करणारं साधन) दिसलं तर फाइल दाबलेली आहे. यूपीएक्सलाच ‘उणे डी’ हा पर्याय देऊन आधी ती मोकळी करा. पायइन्स्टॉलरने (पायथनच्या स्क्रिप्टची एक्झीक्युटेबल बनवणारं साधन) बांधलेली फाइल असेल तर आतले मॉड्यूल दाबलेल्या संग्रहात असतात, तिथे बाइट शोधून काही हाती लागत नाही. डॉट नेटचा प्रोग्रॅम असेल तर मशिन कोडच्या वाटेला जाऊ नका. डीकंपाइलर जवळजवळ मूळ कोड दाखवतो आणि बदल तिथल्या साधनांनीच करणं सोपं पडतं. ओळखायची खूण सोपी आहे: स्क्रीनवर जो मजकूर दिसतो तो फाइलमध्ये कुठल्याच एन्कोडिंगमध्ये सापडत नसेल, तर फाइल बहुधा दाबलेली किंवा कूटबद्ध आहे.

आता पत्त्याकडे. समजा जुना पत्ता १९२.१६८.१.१० आहे, म्हणजे १२ अक्षरं. विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये तो दोन प्रकारे असू शकतो: एका अक्षराला एक बाइट, किंवा यूटीएफ-१६ मध्ये एका अक्षराला दोन बाइट, म्हणजे प्रत्येक अंकानंतर एक शून्य बाइट. ‘शोधलं, सापडलं नाही’ या तक्रारीत बहुतेक वेळा दुसरा प्रकार राहून गेलेला असतो. दोन्ही शोधा, आणि दोन्ही सापडले तर कुठला वापरला जातो ते डिसअसेम्बलरमध्ये (मशिन कोड वाचता येईल अशा सूचनांत दाखवणारं साधन) बघा. नवा पत्ता १०.०.०.५ असेल तर ८ अक्षरं होतात. उरलेल्या ४ जागा शून्य बाइटांनी भरायच्या, यूटीएफ-१६ असेल तर ८ बाइट. स्पेसने भरू नका. संदेशाच्या मजकुरात स्पेस खपून जाते, पत्त्यात ती पत्त्याचाच भाग धरली जाते आणि जोडणी होत नाही.

नवा मजकूर जुन्यापेक्षा मोठा असेल तर? फाइलमध्ये बाइट घुसवायचे नाहीत, हा नियम कधीच मोडू नका. एक बाइट घुसवला की त्यापुढचं सगळं एका घराने सरकतं आणि हेडरमधले, कोडमधले सगळे पत्ते चुकतात. कधीकधी शेपटीला जागा मिळते. कंपायलर बऱ्याचदा मजकूर चारच्या किंवा आठच्या पटीत ठेवतो. १२ अक्षरं आणि शेवटचा शून्य मिळून १३ बाइट, पुढचा मजकूर १६ व्या बाइटवर सुरू होत असेल तर ३ बाइट मोकळे. १९२.१६८.१००.२५ हा १४ अक्षरी पत्ता आणि त्याचा शून्य, असे १५ बाइट त्यात बसतात. मात्र ते शून्य बाइट खरोखर मोकळेच आहेत ना, हे पाहून घ्या. तिथे रिकामी स्ट्रिंग किंवा शून्य किमतीचं एखादं चल असू शकतं. त्या जागेकडे कोडमधून कुठलाही संदर्भ जात नाही, हे डिसअसेम्बलरमध्ये बघितल्याशिवाय ती वापरू नये. दुसरा मार्ग जास्त टिकाऊ आहे: १२ अक्षरांच्या आत बसणारं एक छोटं नाव लिहा आणि ते नाव होस्ट्स फाइलमधून किंवा डीएनएसमधून खऱ्या पत्त्याकडे वळवा. पुढच्या वेळी सर्व्हर बदलला तर प्रोग्रॅमला हात लावायची गरज नाही. यात एक अट आहे. प्रोग्रॅम पत्त्यासाठी ‘इनेट अ‍ॅडर’ हे फंक्शन वापरत असेल तर त्याला फक्त आकडे कळतात, नाव दिलं की ते त्रुटीची किंमत परत करतं. ‘गेट होस्ट बाय नेम’ किंवा ‘गेट अ‍ॅडर इन्फो’ इम्पोर्टच्या यादीत दिसलं आणि पत्ता त्याच वाटेने जात असेल, तरच हे चालेल.

शून्याने संपणारी स्ट्रिंग ही सी आणि सी++ ची रीत. डेल्फी स्ट्रिंगच्या आधी लांबी लिहून ठेवतं, ती लांबीही बदलावी लागते. गो आणि रस्टमध्ये लांबी कोडमध्ये वेगळी असते आणि मजकूर एकमेकांना चिकटून असतात. तिथे मजकूर छोटा केलात तर शून्य बाइटसुद्धा मजकुराचाच भाग म्हणून वाचले जातात. आणखी एक खाच: एकच स्ट्रिंग पाच ठिकाणी वापरली असेल तर लिंकर (कोडचे तुकडे जोडून एक फाइल बनवणारा) ती एकदाच ठेवतो, म्हणजे तुमचा बदल पाचही ठिकाणी लागू होतो. एखादा छोटा मजकूर दुसऱ्या मोठ्या मजकुराची शेपटी म्हणूनही ठेवलेला असतो.

आता स्क्रिप्ट. क्रम असा ठेवा. फाइल बायनरी मोडमध्ये उघडा आणि सगळी एकदम वाचा. काही मेगाबाइटच्या फाइलला तुकड्यातुकड्यांनी वाचण्याची गरज नाही, उलट शोधायचा नमुना दोन तुकड्यांच्या सांध्यावर पडला तर सापडत नाही. वाचलेल्या बाइटांचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) काढा आणि स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेल्या किमतीशी ताडा. जुळला नाही तर संदेश देऊन बाहेर. जुळला तर जुना नमुना किती वेळा येतो ते ‘काउंट’ने मोजा, उत्तर नेमकं १ हवं. शून्य असेल तरी थांबा आणि २ असेल तरी थांबा. नवा तुकडा आणि जुना तुकडा यांची लांबी समान आहे का ते तपासा. मग बाइटअ‍ॅरेमध्ये नमुना जिथे आहे त्या ऑफसेटपासून तेवढ्याच लांबीचा स्लाइस बदला, आणि एकूण लांबी पूर्वीइतकीच आहे ना ते परत बघा. नवी प्रत त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाने लिहा, ती वाचून तिचाही हॅश ताडा, मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा आणि शेवटी ‘रिप्लेस’ने नाव बदला. वीज गेली किंवा डिस्क भरली तरी अर्धवट लिहिलेली फाइल मूळ नावाने राहत नाही.

हॅश तपासत असाल तर जुना नमुना ताडायचा कशाला, असं वाटेल. हॅश फक्त फाइल तीच आहे एवढं सांगतो. स्क्रिप्टमध्ये ऑफसेट लिहिताना एक अंक इकडचा तिकडे झाला तर ते पकडायला जागेवरचे जुने बाइट ताडणंच कामी येतं.

बायनरी मोड विसरलात तर काय होतं ते बघण्यासारखं आहे. पायथन ३ मध्ये नेहमीच्या यूटीएफ-८ ने एक्झीक्युटेबल टेक्स्ट म्हणून उघडली तर बहुधा लगेच डिकोडची त्रुटी येते, ते बरंच. पण कुणीतरी त्यावर इलाज म्हणून लॅटिन-१ एन्कोडिंग देतं. मग त्रुटी येत नाही, आणि वाचताना ०डी ०ए ही जोडी (विंडोजमध्ये ओळ संपल्याची खूण) नुसती ०ए होते, एकटा ०डी सुद्धा ०ए होतो. विंडोजवर लिहिताना प्रत्येक ०ए पुन्हा ०डी ०ए होतो. मूळ फाइलमध्ये ०ए हा बाइट कोडमध्ये, आकड्यांमध्ये, चित्रांमध्ये सगळीकडे असतो. फाइलची लांबी बदलते आणि ‘हा वैध विंडोज प्रोग्रॅम नाही’ असा संदेश येतो. पॉवरशेलमध्ये ‘गेट कंटेंट’ आणि ‘सेट कंटेंट’ टेक्स्टसारखे वापरले तरी हाच घोळ. तिथे ‘रीड ऑल बाइट्स’ आणि ‘राइट ऑल बाइट्स’ वापरा.

लिनक्सवर डीडीने बाइट लिहिणारे ‘कन्व्ह’ला ‘नोट्रंक’ द्यायला विसरतात. तो नसेल तर डीडी फाइल लिहिलेल्या जागेनंतर कापून टाकतं. आणि सीएमपीला ‘उणे एल’ देऊन फरक पाहत असाल तर ध्यानात ठेवा, ते ऑफसेट १ पासून मोजतं आणि बाइट अष्टमानात छापतं. हेक्स एडिटरशी ते जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका. विंडोजवर ‘एफसी’ला ‘बी’ स्विच दिला की हेक्समध्ये सरळ दिसतं.

आता उपकरणाची तपासणी. डिसअसेम्बलरमध्ये त्रुटीच्या संदेशाचा संदर्भ धरून मागे गेलात की जवळच एक फंक्शन कॉल, त्याच्या उत्तराची शून्याशी तुलना आणि एक सशर्त जंप असं त्रिकूट सापडतं. एक्स८६ मध्ये (इंटेल-एएमडी प्रोसेसरची सूचनापद्धत) छोटा जंप दोन बाइटचा: ७४ म्हणजे ‘शून्य असेल तर उडी’, ७५ म्हणजे ‘शून्य नसेल तर उडी’, ईबी म्हणजे ‘काहीही असो, उडी’. दुसरा बाइट अंतराचा. ७४ चं ७५ केलं की अट उलटते. अट उलटवू नका, हा माझा सल्ला. उद्या कुणी ते उपकरण खरोखर जोडलं तर प्रोग्रॅम तेव्हा बंद होईल. जंप चांगल्या वाटेकडे जात असेल तर ७४ चं ईबी करा. वाईट वाटेकडे जात असेल तर दोन्ही बाइट ९० करा, म्हणजे काहीच न करणारी सूचना.

लांबचा सशर्त जंप सहा बाइटचा असतो: ०एफ ८४ आणि चार बाइटचं अंतर. बिनशर्त लांब जंप मात्र पाच बाइटचा: ई९ आणि चार बाइट. अंतर सूचनेच्या शेवटापासून मोजतात, म्हणून ई९ पहिल्या बाइटवर ठेवलात तर सूचना एक बाइट आधी संपते आणि अंतरात १ वाढवावा लागतो. त्यापेक्षा ०एफ ८४ च्या जागी ९० ई९ लिहा. सूचना संपते ती जुन्याच ठिकाणी, अंतराचे चार बाइट जसेच्या तसे राहतात, आणि बदल फक्त दोन बाइटांचा होतो.

कॉलच ९० ने पुसून टाकण्याचा मोह टाळा. ३२-बिट विंडोजमधली बरीच फंक्शन स्वतःचे आर्ग्युमेंट, म्हणजे त्यांना दिलेल्या किमती, स्टॅकवरून (तात्पुरत्या किमतींची मेमरीतली रास) स्वतः काढतात. कॉल पुसला की आधी ढकललेले आर्ग्युमेंट तिथेच राहतात आणि प्रोग्रॅम त्या जागी न पडता, पुढे कुठेतरी भलत्याच ठिकाणी कोसळतो. फंक्शनलाच ‘सगळं ठीक’ म्हणायला लावायचं असेल तर त्याच्या सुरुवातीला बी८ ०१ ०० ०० ०० सी३ हे सहा बाइट लिहितात: उत्तर १, आणि परत. पण मूळ फंक्शन सी२ ०सी ०० ने संपत असेल, म्हणजे १२ बाइट आर्ग्युमेंट काढून परतत असेल, तर तुम्हीही सी३ ऐवजी तेच तीन बाइट लिहायचे.

३२-बिटमध्ये अजून एक सापळा आहे, आणि तो अनुभवी लोकांनाही चकवतो. रीलोकेशन. प्रोग्रॅम ठरलेल्या पत्त्याऐवजी दुसरीकडे लोड झाला तर विंडोजचा लोडर कोडमधल्या प्रत्येक पूर्ण पत्त्यात फरक मिळवतो. कुठे मिळवायचा याची यादी ‘रीलॉक’ सेक्शनमध्ये असते. तुम्ही अशा पत्त्याचे चार बाइट ९० करून ठेवलेत तरी लोडरला ते कळत नाही. तो त्या चार ९० मध्येही फरक मिळवतो आणि तिथे कचरा तयार होतो. फाइलमध्ये सगळं बरोबर दिसतं, चालवताना पडतं, आणि कधीकधी पडतही नाही. उपाय: ते बाइट पुसू नका, त्यांच्यावरून उडी मारा. सूचनेच्या पहिल्या, पत्ता नसलेल्या बाइटांत ईबी आणि अंतर बसत असेल तर उत्तम. नाहीतर एखादी सूचना आधीपासून उडी सुरू करा. याच कारणाने डीबगरमधून, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या मेमरीतून, उचललेला नमुना फाइलमध्ये सापडत नाही. नमुना नेहमी फाइलमधूनच घ्यावा. ६४-बिट कोडमध्ये बहुतेक संदर्भ सापेक्ष असल्यामुळे हा त्रास बराच कमी आहे.

डिसअसेम्बलर जो पत्ता दाखवतो तो मेमरीतला असतो, स्क्रिप्टला फाइलमधला ऑफसेट लागतो. मेमरीच्या पत्त्यातून इमेज बेस (प्रोग्रॅम लोड होण्याचा ठरलेला पत्ता) वजा करा, सेक्शनचा आभासी पत्ता वजा करा, सेक्शनची फाइलमधली सुरुवात मिळवा. उदाहरणार्थ पत्ता ४०१५२८, बेस ४०००००, सेक्शनचा आभासी पत्ता १०००, फाइलमधली सुरुवात ४००, सगळे हेक्स. तर ऑफसेट ९२८. हे तिन्ही आकडे हेडरमधून ‘स्ट्रक्ट’ मॉड्यूलने लिटल एंडियन (कमी किमतीचा बाइट आधी) धरून वाचता येतात. सेक्शनची प्रत्येक नोंद ४० बाइटची असते.

प्रोग्रॅमच्या दोन-तीन आवृत्त्या वापरात असतील तर प्रत्येकीचा हॅश आणि ऑफसेट यांची डिक्शनरी ठेवणं सर्वांत सुरक्षित. सामायिक नमुना हवाच असेल तर बदलणारे बाइट, म्हणजे अंतरं आणि पत्ते, मोकळे सोडून रेग्युलर एक्स्प्रेशन लिहा. बाइटांच्या रेगेक्समध्ये ‘डॉटऑल’ झेंडा द्यायलाच हवा. तो नसेल तर टिंब ०ए सोडून बाकी सगळ्या बाइटांशी जुळतं, आणि एखाद्या आवृत्तीत अंतर नेमकं ०ए निघालं की नमुना सापडत नाही. ठरावीक बाइट ‘एस्केप’मधून काढा, २ई हा बाइट स्वतःच टिंब आहे आणि २ए म्हणजे तारा.

हेडरमधले काही बदल तर कोडला हातही न लावता होतात. पीई हेडरच्या सुरुवातीपासून ९२ व्या बाइटला सबसिस्टिम असते: २ म्हणजे खिडकीवाला प्रोग्रॅम, ३ म्हणजे कन्सोल. ३ चा २ केला की मागे उघडणारी काळी खिडकी बंद होते. २२ व्या ऑफसेटच्या दोन बाइटांत हेक्स २० हा बिट चढवला तर ३२-बिट प्रोग्रॅमला ६४-बिट विंडोजवर २ ऐवजी ४ जीबी पत्त्यांची जागा मिळते. जुना प्रोग्रॅम पॉइंटरच्या सर्वांत वरच्या बिटाशी खेळ करत असेल तर मात्र तो मोठ्या डेटावर अचानक बिघडेल, म्हणून हा बिट चढवल्यावर मेमरी २ जीबीच्या वर जाईल अशी चाचणी घ्या.

पीई हेडरमध्ये चेकसम (बाइटांवरून काढलेला तपासणीचा आकडा) असतो. साध्या प्रोग्रॅमसाठी लोडर तो तपासत नाही, ड्रायव्हरसाठी तपासतो. डिजिटल सही मात्र एक बाइट बदलला तरी मोडते. प्रोग्रॅम सहसा तरीही चालतो, पण जिथे फक्त सही असलेलेच प्रोग्रॅम चालू देण्याचं धोरण आहे तिथे अडेल, आणि अँटिव्हायरसलाही अशी फाइल संशयास्पद वाटू शकते. अ‍ॅपल सिलिकॉनच्या मॅकवर सही मोडलेला प्रोग्रॅम सुरू होताच सिस्टिम त्याला मारून टाकते. ‘कोडसाइन’ला ‘उणे एफ उणे एस’ आणि एक नुसती आडवी रेघ देऊन स्थानिक सही पुन्हा करावी लागते. एआरएम६४ वर (अ‍ॅपल सिलिकॉनसारख्या प्रोसेसरची सूचनापद्धत) प्रत्येक सूचना चार बाइटची, म्हणून ९० चा तिथे उपयोग नाही. काहीच न करणारी सूचना १एफ २० ०३ डी५ अशी लिहितात. काही प्रोग्रॅम स्वतःच्या फाइलचा सीआरसी (असाच एक तपासणीचा आकडा) काढून बघतात. बदलानंतर ‘फाइल खराब आहे’ असा प्रोग्रॅमचा स्वतःचा संदेश आला तर शंका तिथेच घ्या.

नवीन कोड भरायचा असेल, तर सेक्शनच्या शेवटी उरलेल्या शून्यांत तो ठेवून ई९ ने तिकडे उडी मारता येते. पण तिथवर गोष्ट गेली की बाइट बदलण्यापेक्षा प्रोग्रॅमच्या शेजारी मध्यस्थ डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) ठेवणं किंवा लिनक्सवर ‘एलडी प्रीलोड’ (आपली लायब्ररी आधी लोड करायला लावणारी सोय) वापरणं कमी त्रासाचं. लिनक्सवर लायब्ररीचा मार्ग बदलायचा असेल तर ‘पॅचएल्फ’ आहेच.

वाटताना बदललेली फाइल वाटू नका, स्क्रिप्ट वाटा. मशिनवर प्रोग्रॅम चालू असेल तर विंडोज फाइल बदलू देत नाही. लिनक्स चालू फाइलमध्ये लिहू देत नाही, पण नवी फाइल तयार करून नाव बदलू देतं, आणि जुना प्रोसेस जुन्याच प्रतीवर चालत राहतो. म्हणून बदलानंतर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करायला सांगा. स्क्रिप्ट एकाच मशिनवर दोनदा चालवली जाणारच, तेव्हा बदललेल्या फाइलचा हॅशही तिच्यात ठेवा आणि तो जुळला तर ‘आधीच बदललेलं आहे’ म्हणून शून्य कोडने बाहेर पडा. अनोळखी हॅशला वेगळा कोड, लिहिता न आलेल्या फाइलला वेगळा. दूरच्या मशिनवरून परत येतो तो एवढा एकच आकडा, आणि कुठली मशिन हाताने तपासायची हे त्यावरूनच ठरतं.